मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा, पोहण्याजोगा डोह कुठे आहे?

काळूकाठचा_दादरकर

नमस्कार मंडळी. मी दादरच्या पालिकेच्या तलावात रोज पहाटे पोहतो, पण पोहायला शिकलो मामाच्या गावी, मुरबाडकडे, काळू नदीत. मे महिन्यात नदीचा नुसता ओहोळ व्हायचा आणि गावाखालच्या वळणावर डोह तेवढा उरायचा. मामाने पाठीला हवाबंद पत्र्याचा डबा बांधून मला पाण्यात लोटलं. चौथ्या दिवशी डब्याची गाठ त्याने सैल ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. पलीकडच्या कातळाला हात लावून मागे वळून पाहतो तर डबा डोहाच्या मधोमध एकटाच तरंगतोय.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तलावात २५ मीटरच्या दहा फेऱ्या दम न लागता मारते. पण मागे एका ओढ्यावर गेलो तेव्हा काठावरच बसून राहिली. "बाबा, तळ दिसत नाही, मी नाही उतरत." तेव्हापासून मनात आहे की हिला एकदा तरी खऱ्या पाण्यात पोहायला न्यायचं. मामा आता नाही, घराला कुलूप आहे.

तर डोह सुचवा. लोकल किंवा गाडीने दिवसभरात होईल असा. कधी जावं, काय काळजी घ्यावी, तेही लिहा.

ठाणे_पूर्वेची_रमा

तुम्हाला पाण्याचे डोहाळे लागलेत दादा! छान धागा. आमच्याही घरी दोन बेडूक आहेत, वाचतेय.

सह्यवाट

कधी जावं याचं उत्तर आधी देतो, कारण तेच महत्त्वाचं आहे. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. दसरा उलटला, भातकापणी झाली, ओढ्याचं पाणी निवळून तळाचे गोटे दिसायला लागले, की तिथून होळीपर्यंत.

पावसाळ्यात तुम्ही उभे असता तिथे ऊन असतं आणि वर घाटमाथ्यावर कोसळत असतो. ते पाणी खाली पोचायला वेळ लागत नाही. खुणा लक्षात ठेवा: पाणी एकदम गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. यातलं एक जरी जाणवलं तरी सामान तिथेच टाकून वर चढायचं. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहतही नव्हते, प्रवाहात नुसते उभे होते. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर जमावबंदी लावतात तेव्हा लोक चिडतात. मी चिडत नाही.

दुसरं, धबधब्याच्या थेट पायथ्याशी पोहू नका. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंग उचलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो. देवकुंडचं पाणी फोटोत कितीही निळं दिसलं तरी ते धबधब्याचंच कुंड आहे.

शुभा_गोरेगाव

मला हा धागाच नको वाटतो. कठोर वाटेल, पण लिहिते.

माझा मावसभाऊ २२ वर्षांचा होता. पोहायला उत्तम यायचं. चार मित्र मिळून दरवर्षी एकाच डोहावर जायचे आणि एकाच खडकावरून सूर मारायचे. त्या वर्षी पुराने डोहात वाळू-गोटे आणून टाकले होते. आदल्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे कंबरेएवढंच उरलं होतं. वरून पाणी तसंच काळंशार दिसत होतं. त्याने नेहमीसारखा सूर मारला.

मावशी अजून नदीच्या पुलावरून जाताना डोळे मिटून घेते. पोहायचं तर तलाव आहेत, तिथे जीवरक्षक आहेत. मुलीला कशाला नेता?

काळूकाठचा_दादरकर

शुभाताई, वाचून हात थांबले. तुमचं म्हणणं कठोर नाही, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. सूर मारण्याचा विचार माझ्या डोक्यातही होता, त्याच जुन्या कातळावरून. तो आता पूर्ण काढून टाकला.

तरी नेतो का, तर एवढ्यासाठी की आज ना उद्या ती मैत्रिणींबरोबर अशा पाण्यापाशी जाणारच आहे. तेव्हा मी सोबत नसेन. पाणी कसं बघायचं हे तिला माझ्या समोर कळलेलं बरं.

उल्हासकाठ

मी कर्जत तालुक्यातला. डोह माहीत आहेत, पोहलोही त्यांतच. पण नाव लिहिणार नाही आणि बाकीच्यांनीही लिहू नये अशी हात जोडून विनंती.

कारण सांगतो. आमच्या वाडीखाली एक कोंड आहे. तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. पुढच्या रविवारी सत्तर-ऐंशी गाड्या. आमच्या बायका जिथे धुणं धुतात, गुरं जिथे पाण्यावर येतात, तिथे स्पीकर आणि बाटल्या. सोमवारी माझ्या पुतण्याच्या पायात काच घुसली, सात टाके. त्याच कोंडाच्या कडेच्या झऱ्यातून उन्हाळ्यात वाडी पाणी भरते, हे येणाऱ्यांच्या गावीही नसतं.

आणि कुणी बुडालं की हाक आम्हालाच येते. आजवर दोघांना मी स्वतः बाहेर काढलंय. दोघेही गेलेले होते. त्यानंतर आठ-आठ दिवस जेवण जात नाही, हे शहरात बसून कळत नाही.

या, जरूर या. पण नकाशा बघून नको, माणूस ओळखून या.

निलेश_विक्रोळी

उल्हासकाठ, बाटल्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण नदी काही एका वाडीची नाही. मुंबईतल्या मुलांनी निसर्ग बघायचा कुठे? सगळ्यांनी नावं लपवली तर माहितीतल्या चार जणांनाच नदी मिळणार.

उल्हासकाठ

निलेशदादा, नदी सगळ्यांचीच आहे. हीच उल्हास खाली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणला पाणी पाजते. म्हणूनच वर साबण-शाम्पू लावू नका म्हणतोय. तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही घेऊन जाईन, खरंच सांगतो. पाचशे जणांना एका रविवारी नाही नेता येणार.

माई_गिरगाव

मी ७४ वर्षांची. माझं माहेर संगमेश्वराकडे, लहानपण नदीवरच गेलं. आम्हाला पोहायला शिकवायला पत्र्याचे डबे नव्हते. दोन सुके भोपळे दोरीने जोडून काखेत घालायचे, त्याला सांगड म्हणायचे. दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्यालाही सांगडच. आपण आज जी 'सांगड घालतो' तो शब्दही हाच. भोपळा पाण्यात अंगाला गुळगुळीत लागतो आणि त्याला मातकट वास येतो. हे लिहिताना तो वास आला.

मुलगे उघडे पोहायचे. आम्ही परकर-पोलक्यात. आणि न्हाण आलं की मुलींचं पोहणं बंद! माझी आई उत्तम पोहायची हे मला फार उशिरा कळलं. एकदा वाढत्या पाण्यात आमचं वासरू पलीकडे अडकलं, घरात पुरुषमाणूस नव्हतं. आईने कासोटा घट्ट केला, रिकामी घागर उपडी करून छातीशी धरली आणि पाय मारत पलीकडे गेली. मी नऊ वर्षांची होते. घागरीत कोंडलेली हवा माणसाला धरून ठेवते, हे तिने आल्यावर केस पुसता पुसता सांगितलं.

दादरकर, लेकीला न्या. नक्की न्या.

चिपळूणचा_बंड्या

माई, वाह! अवांतर: वर सगळे 'कोंड' म्हणजे डोह म्हणतायत, आमच्याकडे कोंड म्हणजे वाडी, वस्ती. आमच्या गावाचे तीन कोंड आहेत. पाहुण्याला "खालच्या कोंडात ये" म्हटलं तर तो पोहायचे कपडे घेऊन यायचा.

महाडची_वैशाली

बंड्या, दोन्ही अर्थ आहेत. आमच्या काळ नदीतली वाळणकोंड डोहच आहे. वरदायिनीचं ठिकाण. तिथे मासे देवीचे, कुणी धरत नाही. चुरमुरे टाकले की हातभर मासे वर येतात. पोहणं तर सोडाच, पाण्यात पायही कुणी घालत नाही.

लहानपणी वाटायचं ही नुसती श्रद्धा. आता मत्स्यशास्त्र शिकल्यावर वाटतं, ज्याने कुणी हे ठरवलं त्याला नदी कळलेली होती. आपल्या नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हा मासे जगतात ते डोहातच. पावसात तेच वर चढून अंडी घालतात. डोह राखला की सगळी नदी राखली. म्हणून जिथे काठावर देवीची जागा असेल, शेंदूर लावलेले आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवतांचे, सात दगड असतील, बांगड्या वाहिलेल्या असतील, तिथे आधी विचारा. काही ठिकाणी पोहायला हरकत नसते, काही ठिकाणी असते.

सह्यवाट

आसरांचे दगड बऱ्याचदा नेमके भोवऱ्याच्या किंवा कपारीच्या जागी असतात, हा माझा अनुभव. "तिथे आसरा ओढतात" म्हणणाऱ्या म्हातारीला हसू नये. खाली पाण्याने कोरलेली कपार असते आणि प्रवाह माणसाला तिच्यात दाबतो. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिले असतील. गोटा पाण्याबरोबर गरगर फिरून बेसाल्टला भोक पाडतो. तसलेच खळगे आपल्या नद्यांत पाण्याखालीही आहेत. पाय अडकला की सुटत नाही.

डॉ_कांदिवली

थोडं वैद्यकीय. पावसाळ्यात आणि नंतर लगेच साचलेल्या पाण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून तो पाण्यात येतो आणि आपल्या जखमेतून शरीरात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत आम्ही तो भरपूर पाहिला. अंगावर जखम असेल तर उतरू नका. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर नदीत पोहलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

दुसरं, उन्हाने तापलेल्या उथळ, साचलेल्या गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा असू शकतो. केरळात अलीकडे रुग्ण सापडले आहेत. आजार दुर्मीळ, पण जीवघेणा. वाहतं, गार पाणी निवडा आणि नाकाला चिमटा लावा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास द्या, मग छातीवर ३० दाब, २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. डोहावर अनेकदा रेंज नसते, ती कुठे मिळते हे पाण्यात उतरण्याआधी बघून ठेवा.

रोहेकर_इंजिनिअर

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. भर एप्रिलमध्ये कुंडलिका, पाताळगंगा, पेज दुथडी वाहताना दिसल्या तर ते झऱ्यांचं पाणी नाही. घाटावरच्या तलावांतलं पाणी बोगद्यांतून खाली सोडून वीज करतात आणि मग ते या नद्यांत येतं. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. भिऱ्याला येतं ते मुळशीचं पाणी. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच. एरवी भीमेतून बंगालच्या उपसागराला मिळणारं पाणी घाट उतरून अरबी समुद्रात जातं.

कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. सकाळी पाणी सुटलं की नदी भरते, मग ओसरते. हे रोजचं आहे, गावातल्या शाळकरी पोरालाही त्याची वेळ ठाऊक असते. बाहेरचा माणूस मात्र ओसरलेल्या पात्रात मधल्या खडकावर चादर पसरून बसतो. म्हणून अशा नदीत पोहायचं तर पाणी कधी सुटतं हे गावात विचारल्याशिवाय नाहीच.

आणि केटी (कोल्हापुरी पद्धतीच्या) बंधाऱ्याच्या खाली कधीच नाही. वरून पडणारं पाणी तळाशी गोल फिरत राहतं, त्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही. लाकडाचा ओंडका अर्धा तास तिथेच गटांगळ्या खाताना मी पाहिलाय.

दहिसर_जुना_रहिवासी

तुम्ही सगळे कर्जत-रोहा म्हणताय. आम्ही शाळेत असताना दहिसर नदीत पोहायचो, राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला. तुळशी तलावाकडून येणारी नदी, पाणी काचेसारखं. वडील संध्याकाळी टॉवेल घेऊन काठावर उभे राहायचे, आम्ही बाहेर यायचो नाही. माझ्या नातवाला ती जागा दाखवली तर तो म्हणाला, "आजोबा, हा नाला आहे." त्याला नदी म्हणायला लावलं. मुंबईला मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर अशा चार नद्या आहेत, हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

शुभा_गोरेगाव

आजोबा, तुमचं वाचून गलबलून आलं.

मँचेस्टरवासी

इथे नदी-तळ्यांत पोहण्याचं मोठं वेड आहे, बायका तर दर आठवड्याला गट करून जातात. पाणी १२-१३ अंश. पहिल्यांदा उतरले तेव्हा छाती आवळली, श्वास लागेना. घाबरून हातपाय मारले की माणूस पाणी पितो. इथली लाइफबोट संस्था एकच गोष्ट शिकवते: धडपडू नका, उताणे व्हा, कान पाण्यात जाऊ द्या, श्वास जागेवर येईपर्यंत नुसते तरंगा. मग पोहा किंवा हाक मारा. आपल्याकडचं पाणी एवढं गार नसतं, पण डोहाला वर कोमट आणि पायाशी एकदम गार असे थर असतात, तिथे मुलं दचकतात. मुलीला तलावातच आधी हे उताणं तरंगणं पक्कं करून द्या.

निलेश_विक्रोळी

बुडणाऱ्याला हात द्यायला स्वतः उडी मारू नये, हेही लिहा कुणीतरी. ओढणी, दोरी, बांबू, काहीही फेका. ५ लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकला तरी तोंड पाण्यावर राहण्याइतका आधार मिळतो. आम्ही ट्रेकला दोरी बांधलेला कॅन नेतोच.

उल्हासकाठ, तुमचं पटलं. वरची पोस्ट रागात लिहिली होती.

काळूकाठचा_दादरकर

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. जाऊन आलो.

उल्हासकाठना व्यक्तिगत निरोप केला होता. डिसेंबरच्या एका बुधवारी कर्जत लोकल पकडली. मुद्दाम मधला वार, लेकीची शाळा एक दिवस बुडवली. स्टेशनवर ते स्वतः आणि त्यांचे काका आले होते. काका सत्तरीचे, अंगाने काटक, खांद्यावर दोरी. वाटेत एका घरी आजींनी चहा दिला आणि लेकीच्या हातात हळदकुंकवाची पुडी. "आसरांना वाहा आणि मग उतर, पोरी."

डोह वळणावर आहे. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला वाळू, वर उंबर. पाणी वाळूकडे पिवळसर, मग हिरवं, कातळापाशी काळं. काका काही न बोलता काठावर बसले आणि वाळलेलं पान पाण्यात सोडलं. पान सावकाश मधे गेलं, कातळाकडे वळलं, तिथे दोन गिरक्या घेऊन खालच्या उथळ पाण्यात निघून गेलं. काका लेकीला म्हणाले, "पाहिलंस? पाणी तुला तिकडंच नेणार. ते नेईल तसं जायचं, भांडायचं नाही. त्या गिरकीच्या अलीकडं वळायचं." पाणी कसं बघायचं ते मला चाळीस वर्षांत एवढ्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मग तिने विचारलं, खोल किती? काका म्हणाले, "आमचे जुने लोक म्हणायचे, बारा बाजांचं सुंभ सोडलं तरी ठाव लागत नाही." तिचा चेहरा उतरला. काका हसले, खांद्यावरची दोरी काढली, टोकाला गोटा बांधला आणि दोरी तिच्याच हातात दिली. आम्ही कातळावर पालथे पडलो. ती हळूहळू दोरी सोडत गेली. एक पुरुष झाला, दीड झाला, दोन झाले आणि दोरी ढिली पडली. तिने वर ओढून पुन्हा सोडली. गोटा तळाला लागल्याची ठोकर बोटांना कळते, तीन वेळा करून पाहिलं. ओली दोरी वितीने मोजली. दोन पुरुष आणि वर एक हात.

"म्हणजे तळ आहे," ती म्हणाली.

आधी मी उतरलो, पाय पोचतील तिथवर तळ चाचपला. वाळूच्या बाजूने ती उतरली. कमरेला निलेशने सांगितलेला कॅन, दोरीचं दुसरं टोक काकांच्या हातात. मधे गेल्यावर पायाला गार थर लागला तशी किंचाळली, उताणी झाली, आकाशाकडे बघत पडून राहिली. मँचेस्टरताई, मी एक ते वीस मोजले. एकविसाव्याला तिने पाय मारायला सुरुवात केली.

कॅनची गाठ मी सैल ठेवली नव्हती. तिसऱ्या फेरीनंतर काठावर येऊन तिने स्वतःच सोडली, कॅन काकांकडे दिला आणि म्हणाली, "आजोबा, हा धरा."

शुभा_गोरेगाव

सूर मारलात का?

काळूकाठचा_दादरकर

नाही ताई. तिने विचारलं होतं. तुमच्या भावाबद्दल तिला सांगितलं. मग ती त्या कातळावर थोडा वेळ बसली आणि पायऱ्या-पायऱ्यांनी उतरून पाण्यात गेली.

शुभा_गोरेगाव

बरं केलंत.

माई_गिरगाव

पोरीचं नाव नका लिहू इथे, पण तिला सांगा, गिरगावच्या आजीने विचारलंय, पाणी चवीला कसं होतं?

काळूकाठचा_दादरकर

विचारलं. म्हणाली, "दगडासारखं."

उल्हासकाठ

काका विचारतायत, पुढच्या वेळी कधी येताय. होळीच्या आत या, नंतर पाणी बसतं.